मूठभर भाजलेले गहू

मंगळवारी डॉक्टरांनी मला गहू बंद केला. संध्याकाळी मी पुण्याला फोन केला. बुधवारी आई गाडीत बसली.

आईला जाऊन आता दोन वर्षं होत आली. तिच्याबद्दल काही लिहावं असं वाटतं तेव्हा मी दर वेळी या मंगळवारपाशी येऊन थांबते. त्याआधीही आम्ही मायलेकी होतोच. पण शाळा, कॉलेज, नोकरी या सगळ्यात आमचं बोलणं कामापुरतं असायचं. मी वाचत असायची आणि ती काहीतरी निवडत असायची. एका घरात राहून एकमेकींकडे नीट बघायला वेळ मिळाला तो त्या हिवाळ्यात, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये.

मी दिल्लीला आले ती केंद्र सरकारच्या एका खात्यातल्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून. सुरुवातीची वर्षं मुनिरकात भाड्याच्या खोलीत काढली. मग ऑफिसातल्या लोकांनी मिळून द्वारकेत सोसायटी काढली तिच्यात मला फ्लॅट मिळाला. तेव्हा द्वारका म्हणजे सेक्टरांचे आकडे लिहिलेल्या पाट्या आणि त्यांच्यामधली धूळ. मेट्रो यायची होती. पाण्याचा टँकर यायचा. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की फोनवर बोलताना वाक्य मध्येच थांबवून ती जाऊ द्यावी लागत. आमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट बंद होते. माझ्या डोक्यावर एक पंजाबी बाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि जिन्यात भेटलं की वरपासून खालपर्यंत बघून 'सूखती जा रही हो' असं सांगणाऱ्या.

ते खरं होतं. मी गेली कित्येक वर्षं वाळत होते. पोट फुगायचं, बिघडायचं, दोन दिवस बरं राहायचं, पुन्हा बिघडायचं. तोंड येऊन जीभ सोललेली असायची. केस गळायचे. हाडं दुखायची. पुण्यात असतानाही थोडंफार होतंच, पण दिल्लीत ते वाढलं आणि सगळ्यांनी एकमतानं दिल्लीच्या पाण्याला दोष दिला. मी पाणी उकळून प्यायला लागले. जंतांची औषधं झाली, आमांशाची झाली. एका डॉक्टरांना आतड्याच्या क्षयाची शंका आली, म्हणून त्याच्याही गोळ्या काही महिने घेतल्या. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या तर कायमच चालू असत. त्या पोटात जात होत्या आणि पोटातून पुढं कुठंच जात नव्हत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑफिसात मी एकदा पुस्तकांच्या मांडणीपाशी चक्कर येऊन खाली बसले. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्यासाठी रोज एक जादा पराठा आणायला सुरुवात केली. त्या फार मायाळू होत्या. मी तो रोज खाल्ला.

शेवटी एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. तुकड्याचा निकाल आला त्या मंगळवारी त्यांनी मला समोर बसवून हिंदीत समजावलं. लहान आतडं आतून टर्किश टॉवेलसारखं असतं, असं ते म्हणाले. त्यावर बारीक बारीक लव असते आणि अन्नातलं सत्त्व ती लवच शोषून घेते. तुमचा टॉवेल झिजून त्याचा पंचा झालाय. काहीही खाल्लं तरी वरून वाहून जातं. आणि झिजवणारी वस्तू आहे गहू. जवही. रोटी, ब्रेड, रवा, मैदा, बिस्कीट, सगळं बंद. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "उम्र भर. लेकिन एक बार छोड़ देंगी, तो तौलिया वापस आ जाएगा."

हे असंच मी फोनवर आईला सांगितलं. मध्ये एक विमान गेलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "भात चालतो?"

"चालतो."

"साबुदाणा? वरी? राजगिरा, शिंगाडा?"

"सगळं चालतं. फक्त गहू आणि जव नाही."

"मग यात काय एवढं," ती म्हणाली. "जन्मभराचा उपास म्हण."

मला तिच्या आवाजातला सुटकेचा भाव आठवतो. इतकी वर्षं मला काय झालंय हे तिला कळत नव्हतं, आणि आता जे झालं होतं ते तिच्या ओळखीच्या भाषेत बसत होतं. उपासाला काय चालतं आणि काय नाही, यात आईला आमच्या वाड्यापासून गिरगावातल्या मावशांपर्यंत सगळे शेवटचा अधिकार मानत. भेंडी चालते की नाही, कोथिंबीर कुणाकडे चालते आणि कुणाकडे नाही, हे विचारायला बायका तिच्याकडे येत. लहानपणी मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. मी एकदा तिला म्हटलं होतं की देवाला एवढा बारीक हिशोब ठेवायला वेळ असतो का? ती म्हणाली होती, "देवाला नसेल. मला आहे."

ती एक ट्रंक आणि दोन पिशव्या घेऊन आली. स्टेशनवर मी तिची एक पिशवी उचलली. मला नीट बघितल्यावर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता स्वयंपाकघरात गेली. कणकेचा डबा, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं तिनं वरच्या बाईंना देऊन टाकलं. पोळपाट-लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. तवा घासून उन्हात ठेवला आणि तरी समाधान न होऊन दुसरा आणवला. चाळणी टाकून दिली, कारण चाळणीच्या जाळीत पीठ राहतं. मला हे सगळं फार वाटलं. पण पुढं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की माझे बाकीचे पेशंट एवढं कधी करत नाहीत. आई नेसत्या साडीनिशी सोवळं पाळत होती, एवढाच फरक की विटाळ गव्हाचा होता. भाजीवाल्यानं रोटी खाता खाता मटार दिले तर ती ते पुन्हा धुवायची.

वरच्या बाई पहिल्याच आठवड्यात खाली आल्या. आईची हिंदी तोडकी होती पण तिला तिची लाज नव्हती. बाईंनी विचारलं, "बहनजी, बिना रोटी के आदमी का पेट कैसे भरता है?"

"जैसे आपका बिना भात के भरता है," आई म्हणाली.

बाई हसल्या आणि तेव्हापासून रोज यायला लागल्या.

सकाळी तांदळाचं घावन किंवा वरीचा सांजा. ऑफिसला डब्यात ज्वारीची भाकरी. ती ज्वारी आईनं पुण्याहून आणली होती, निवडून, धुऊन, आणि दळायला गिरणीत न देता घरी मिक्सरवर वाटायची, कारण गिरणीच्या जात्यात गहू. आणि रोज संध्याकाळी मऊ भात, तूप, मीठ आणि मेतकूट. आजाऱ्याला मेतकूट द्यायचं याबद्दल आमच्याकडे दुमत नव्हतं. ताप उतरला की मेतकूट-भात, बाळंतिणीला मेतकूट-भात, परीक्षेच्या दिवसांत मेतकूट-भात. आईचं मेतकूट पिवळं कमी आणि खमंग जास्त असायचं. ती थालिपिठाची भाजणी मुद्दाम घेऊन आली नव्हती, ती पोटाला जड. मेतकुटाच्या मात्र दोन मोठ्या बाटल्या होत्या.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मला बरं वाटत नव्हतं. अगदी पहिल्यासारखं नाही, थोडं कमी, पण पोट बिघडायचं थांबलं नव्हतं. वजनाचा काटा हलत नव्हता. आई मला रोज सकाळी खिडकीपाशी उभं करून डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. पांढरी ती पांढरीच. पुण्याला वडील एकटे होते. त्यांचा दर रविवारी फोन यायचा आणि आई त्यांना सांगायची की माझ्या मेतकुटावरच उभी आहे पोरगी, नाहीतर काही खरं नव्हतं.

डिसेंबरात आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्ताचा कागद बघितला, मग माझ्याकडे, मग आईकडे. ते चिडखोर नव्हते, पण त्या दिवशी बाहेर रांग मोठी होती. ते म्हणाले की हे असं व्हायला नको, तीन महिन्यांत फरक दिसायलाच हवा. याचे दोनच अर्थ. एक म्हणजे आजार आणखी कसला तरी आहे, आणि तो मग गंभीर असू शकतो, गाठसुद्धा असू शकते, पुढच्या वेळी पुन्हा तुकडा काढून बघावं लागेल. दुसरा अर्थ म्हणजे गहू पोटात जातो आहे. "कोई तो खिला रहा है," ते म्हणाले, आणि हे ते आईकडे बघून म्हणाले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आई बाकावर बसली. शेजारी कुणाचातरी सलाइनचा स्टँड होता. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातून तुझ्या पोटात गव्हाचा कण गेला असेल, तर मला देवानं इथूनच उचलावं."

मी म्हटलं, तसं काही नाही, डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात. ऑटोत बसल्यावर तिनं घरापर्यंत माझा हात धरून ठेवला होता. तिच्या हाताला सकाळच्या हळदीचा वास होता.

त्यानंतरच्या रविवारी तिनं नवं मेतकूट करायला घेतलं, कारण आणलेल्या बाटल्या संपल्या होत्या. दुपारचं ऊन होतं. मी पलंगावर पुस्तक घेऊन पडले होते. दिल्लीच्या थंडीत खिडक्या बंद, त्यामुळे स्वयंपाकघरातला वास घरभर होता. आधी हरभऱ्याची डाळ भाजली गेली. मग उडदाची. मग तांदूळ. धने, जिरे, मेथ्या. मला प्रत्येक वास वेगळा कळत होता. आजारपणानं माझं नाक तीक्ष्ण झालं होतं. आणि मग मध्येच एक वास आला, गरम, गोडसर, आणि मी पुस्तक छातीवर ठेवलं. फुलक्याचा वास. आचेवर टाकलेला फुलका फुगून त्याला एखादा काळा डाग पडतो, तेव्हाचा.

मी उठून दारापर्यंत गेले. आई पाठमोरी होती. कढईत मूठभर गहू होते, मेतकुटाच्या सामानाच्या पुरचुंडीत पुण्याहून आलेले, आणि ती ते उलथन्यानं मन लावून हलवत होती, करपू नयेत म्हणून.

हे तिला का खटकलं नाही, हे मला दारात उभ्या उभ्याच कळलं. आमच्याकडे चातुर्मासात आणि देवीच्या नवरात्रात ती धान्यफराळ करायची. धान्य उपासाला चालत नाही. पण तेच धान्य आधी भाजून घेतलं, की चालतं. भाजलं की त्यातलं धान्यपण जातं. मग त्याची पोळी करा, लाडू करा, उपास मोडत नाही. आमच्या घरात हे भिंतींइतकं पक्कं होतं. तिनं माझं पथ्य उपासाच्या नियमांनी पाळलं होतं, म्हणूनच ते इतकं कडक होतं. आणि म्हणूनच त्यात ही एक फट होती. कणीक म्हणजे गहू. रवा म्हणजे गहू. मेतकुटातले मूठभर भाजलेले गहू तिच्या हिशोबी गहू नव्हतेच.

मी सांगणार होते. तोंड उघडलंही असेल. पण कॉरिडॉरमधलं तिचं वाक्य अजून ताजं होतं आणि ते बोलणारी आई बोलण्यासाठी बोलणारी नव्हती. मी परत जाऊन पलंगावर पडले. मिक्सर लागला. थोड्या वेळानं ती चिमूटभर ताजं मेतकूट बशीत घालून घेऊन आली आणि मीठ बरोबर आहे का बघ म्हणाली. मी म्हटलं, आत्ता नको, जीभ सोललीय.

संध्याकाळी पान वाढलं तेव्हा मी म्हटलं, "आई, मला मेतकुटाचा कंटाळा आलाय. ताक-भात दे."

तिनं मेतकुटाचा चमचा बाटलीत परत घातला. माझ्याकडे बघितलं.

"आजारी माणसाला मेतकुटाचा कंटाळा येत नाही," ती म्हणाली. "तुला यायला लागला म्हणजे बरं वाटायला लागलंय."

त्या दिवसापासून तिनं मला मेतकूट वाढलं नाही. एकदाही आग्रह केला नाही. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं, पण आपली युक्ती चालली की माणूस पुढचं बघत नाही. ताक-भात, कढी-भात, मुगाचं वरण. पंधरवड्यात पोट शांत झालं. जानेवारीच्या शेवटी आईनं खिडकीत उभं करून पापणी ओढली आणि म्हणाली, "आली हं थोडी लाली." पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली आणि पुन्हा तुकडा काढायची गरज नाही म्हणाले. मग आईला म्हणाले, "माताजी, अब ठीक खिला रही हैं." आईनं त्यांना नमस्कार केला. मी खिडकीबाहेर बघत होते.

होळीच्या आधी ती पुण्याला परत गेली. वडिलांना तिनं फोनवर सांगितलं ते मी ऐकलं, की पोरीला उभी केली. काय देऊन उभी केली ते तिनं या वेळी सांगितलं नाही. पण हे माझ्या लक्षात आता येतंय. तेव्हा नव्हतं आलं.

त्यानंतर मेतकुटाच्या बाटल्या यायला लागल्या. पुण्याहून दिल्लीला येणारं कुणीही तिच्या तावडीतून सुटत नसे. ऑफिसच्या कामाला आलेला चुलतभाऊ, करोल बागेत लग्नाची खरेदी करायला आलेल्या तिच्या मैत्रिणीची सून, एकदा तर मुलाखतीला आलेला कुणाचा तरी ओळखीचा मुलगा, जो बाटली घेऊन थेट मुलाखतीला गेला होता. झाकणावर प्लास्टिक, त्यावर रबर, त्यावर फडक्याची पुरचुंडी. मी ती सोडायची नाही. जशीच्या तशी वर नेऊन द्यायची. वरच्या बाईंना त्याचं वेडच लागलं. त्या ते दह्यात घालत, पराठ्यावर लोणी लावून त्यावर भुरभुरत, एकदा उकडलेल्या अंड्यावर घातलेलं मी बघितलं. आई फोनवर विचारायची, "संपलं का? पाठवू?" मी म्हणायची, पाठव.

मी बरी झाले म्हणजे पथ्यात राहिले. लव परत येते हे डॉक्टर म्हणाले होते ते खरं होतं, पण ती कायमची येत नाही, रोज नव्यानं राखावी लागते. आणि ती वर्षंही नेमकी अशी होती की माझ्याभोवती सगळे खात सुटले होते. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या खाली पिझ्झाची दुकानं आली. आमच्या सेक्टरच्या बाजारात नूडल्स, बर्गर, केक. ऑफिसात वाढदिवसाला केक कापला जाऊ लागला, पूर्वी समोसे असायचे. मला दोन्ही वर्ज्य. पाकिटांवर आत काय आहे ते नीट लिहिलेलं नसायचं. मी कुणाकडे गेले तर डबा घेऊन जायची, आणि यजमानांचं तोंड उतरायचं. दिल्लीत पाहुण्यानं रोटीला हात न लावणं यजमानांना भांडणासारखं वाटतं.

वर्षातून दोनदा मात्र सगळी दिल्ली माझ्या बाजूला यायची. चैत्री नवरात्र आणि शारदीय नवरात्र. दुकानांतून कुट्टू नावाच्या उपासाच्या बियांचं पीठ, शिंगाड्याचं पीठ, समा म्हणजे आपली वरी, मखाणे यांचे ढीग लागायचे. हॉटेलांत व्रताची थाळी मिळायची, वेगळ्या भांड्यात केलेली, पाटीवर मोठ्या अक्षरात तसं लिहिलेली. ते नऊ दिवस मी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायची. त्या म्हणायच्या, तुम्ही किती धार्मिक आहात, सगळे नऊ दिवस. मी त्यांचा गैरसमज राहू दिला. उरलेल्या वर्षासाठी मी त्या दिवसांत पीठ भरून ठेवायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर खळखळून हसली. म्हणाली, देवीलाच तुझी काळजी.

अशी बरीच वर्षं गेली. वडील गेले. मेट्रो आली. द्वारकेतली झाडं माझ्या खिडकीच्या वर गेली. मॉलमध्ये गहू नसलेल्या बिस्किटांचं एक कपाट आलं आणि गव्हाचा काही त्रास नसलेल्या मुली त्यातून पाकिटं घेऊ लागल्या. आईच्या हृदयाचं दुखणं सुरू झालं. मी रजा काढून पुण्याला गेले तेव्हा तिच्या पायांवर सूज होती आणि जिना चढणं बंद झालं होतं. तिला दिल्लीला यायचं नव्हतं. वडील गेल्यावर भाऊ आणि वहिनी तिच्याजवळ राहायला आले होते आणि वहिनी तिचं सगळं नीट बघत होती.

एका सकाळी ती म्हणाली की मला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून दे. तुझं मेतकूट करायचं राहिलंय, मी सांगते, तू भाज.

मी कढई ठेवली. ती खुर्चीत बसून सांगत होती. हरभऱ्याची डाळ, मंद आचेवर. आता उडीद. अगं, हात चालव, पुस्तक नाहीये ते. तांदूळ. धने. सगळं ताटात काढून झालं तेव्हा मी वाट बघत राहिले. ती म्हणाली, चल, सुंठ आण, जायफळ आण.

मी न राहवून विचारलं, "आणि गहू?"

"तुझ्यात गहू नसतात," ती म्हणाली. "वहिनीचं मेतकूट वेगळं. तुझं मी मिक्सरवर वेगळं करते."

"कधीपासून?"

"दिल्लीहून आले तेव्हापासून."

मी गॅस बंद केला. ती माझ्याकडे न बघता ताटातले धने सारखे करत होती.

"तू मेतकूट सोडलंस आणि पंधरा दिवसांत तुझ्या गालावर मांस दिसायला लागलं," ती म्हणाली. "मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो वाजणारा आवाज मी संपू दिला. मग मी विचारलं की मी खात नव्हते हेही तुला माहीत होतं का? ती म्हणाली, न कळायला काय झालं, तुझ्या वरच्या बाई दिवाळीला फोन करतात तेव्हा आधी मेतकुटाचं कौतुक करतात, मग माझी तब्येत विचारतात.

"तरी पाठवत राहिलीस."

"पाठवायचं बंद केलं असतं तर तुला समजलं असतं, की मला समजलंय," ती म्हणाली. "जाऊ दे. हिंग घाल. निवेल ते."

हिंगाची डबी फळीवर होती. बाजारात मिळतो तो हिंग शुद्ध नसतो, तो मैद्यात बांधलेला असतो. हे मला काही वर्षांपूर्वी दिल्लीत कळलं होतं आणि माझ्या स्वयंपाकघरात तेव्हापासून हिंग नव्हता. तिला ते ठाऊक नव्हतं. म्हणजे गहू काढलेल्या त्या सगळ्या बाटल्यासुद्धा मला चालणाऱ्या नव्हत्याच. मी डबी हातात घेऊन उभी राहिले. तिनं मान वर केली. मी हिंग घातला, ती नेहमी घालायची तेवढाच.

दुपारी मऊ भात केला. तिनं स्वतःच्या हातानं माझ्या भातावर तूप घातलं आणि मेतकूट घातलं. मी जेवले. ती माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. चव होती तीच होती, गव्हावाचून काही अडलं नव्हतं. ती म्हणाली, "जमलंय की तुला." मी पुन्हा वाढून घेतलं.

परतीच्या गाडीत मला त्रास झाला. तो दोन-तीन दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी आई गेली.

तिची कढई मी दिल्लीला आणली आहे. मेतकूट आता मीच करते, गहू न घालता आणि हिंग न घालता. एक बाटली वर देते. बाईंच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण जीभ शाबूत आहे. त्या म्हणतात, अच्छा है, पर बहनजी वाला नहीं है. बरोबर आहे त्यांचं. आईनं गहू काढून माझ्यासाठी केलेलं मेतकूट इतकी वर्षं त्यांनी खाल्लं, मी एकदाच.

दुसरी बाटली माझ्याकडे असते. संध्याकाळी ऑफिसातून आले की मऊ भात लावते आणि त्यावर ते घालून जेवते.